टोपी कुठे आहे?

टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, "यंत्र चालू होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "बंद होतं."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा हातातल्या कामात मान घातली. अंगठ्याच्या मुळापासून तळहातावर तिरकी गेलेली जखम होती. अकरा टाके पडले. अंगठा वाकवणारी कंडरा वाचली, पण अंगठ्याच्या आतल्या कडेला आजही स्पर्श नीट कळत नाही. हातात कागद आहे की कापड, हे मला तर्जनीने ठरवावं लागतं.

मी खोटं बोललो नव्हतो. गवत कापायचं यंत्र खरोखरच बंद होतं. गवत ओलं होतं. ओलं गवत कापलं की त्याचा लगदा होतो, तो पात्यावरच्या कवचाला आतून थापला जातो आणि बाहेर पडायची वाट बुजत जाते. इंजिनाचा आवाज जड झाला, दोनदा कुंथल्यासारखं करून ते थांबलं. मी हँडलवरची दांडी सोडली, यंत्र कुशीवर कलंडवलं आणि लगदा बोटांनी ओरबाडायला सुरुवात केली. पातं मध्ये येत होतं. ते टोकाला धरून जरा बाजूला सारलं. थोडं सरकलं आणि अडलं. मी जोर लावला. पुढच्या क्षणी ते माझ्या जोराला न जुमानता आपलं आपण फिरलं. जेमतेम अर्धा फेरा.

त्या अर्ध्या फेऱ्यावर मी नंतर जितका विचार केला तितका आयुष्यातल्या फार थोड्या गोष्टींवर केला असेल. त्यातून मला सर्वांत जास्त छळलं ते "बंद" या शब्दाने. दिव्याचं बटण दाबलं की दिवा बंद. नळ पिळला की पाणी बंद. बंद म्हणजे संपलं, आता भीती नाही, असं आपण लहानपणापासून शिकतो. यंत्राचा आवाज थांबला की खांदे सैल होतात. आपण त्याच्याजवळ जातो, वाकतो, हात आत घालतो. गवत कापताना आपण यंत्राच्या मागे, हँडलच्या अंतरावर उभे असतो आणि पातं जमिनीकडे तोंड करून झाकलेलं असतं. दुरुस्तीच्या वेळी तेच पातं आपण आपल्याकडे वळवून घेतो.

मी ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो त्यांना सगळेच काका म्हणत. पट्टी बांधलेला हात घेऊन त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी तेच यंत्र समोर घेतलं आणि फक्त एक प्रश्न विचारला.

"टोपी कुठे होती?"

टोपी म्हणजे स्पार्क प्लगवर बसणारी रबराची टोपी. तिच्यातून येणारी जाड तार प्लगला वीज पुरवते. ती प्लगवरच होती. काढायची असते हे मला माहीत होतं, पण दोन मिनिटांच्या कामासाठी कोण काढतं, असं मनात धरून मी नेहमी ते टाळत आलो होतो.

काकांनी मग जे दाखवलं ते मला तोपर्यंत कुणी दाखवलं नव्हतं. साध्या यंत्रात पातं थेट इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला आवळलेलं असतं. मधे गिअर नाही, साखळी नाही. म्हणजे पातं हाताने फिरवणं आणि दोरी ओढून इंजिन फिरवणं, ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. मी पातं ढकललं तेव्हा आत पिस्टन वर सरकत होता आणि सिलिंडरमधली हवा दाबत होता. या छोट्या इंजिनांत ती सहा ते आठपट दाबली जाते. म्हणूनच पातं मधेच अडल्यासारखं वाटतं. आपल्याला वाटतं गवत अडकलंय, आणि आपण जोर वाढवतो. पिस्टन वरचं टोक ओलांडेपर्यंत तो जोर आपला असतो. टोक ओलांडलं की तीच दाबलेली हवा पिस्टनला खाली लोटते, आणि पातं ज्या दिशेला ढकललं त्याच दिशेला उसळी मारतं. एवढ्याने हात कापायला पुरतं. त्यासाठी ठिणगीचीही गरज नाही.

ठिणगीची गोष्ट त्याहून वेगळी आहे, आणि माझ्या मते या कामातली सर्वांत महत्त्वाची. या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. वर एक जड चाक असतं, फ्लायव्हील. त्याच्या कडेत चुंबक बसवलेलं असतं. ते कॉइलसमोरून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यासमोरून, वेगाने गेलं की कॉइलमध्ये वीज तयार होते आणि प्लगच्या टोकाला ठिणगी उडते. मग इंजिन बंद कसं होतं? आपण दांडी सोडतो तेव्हा एक बारीक तार कॉइलची वीज इंजिनाच्या लोखंडाला जोडून देते. वीज प्लगकडे न जाता अंगात जिरते. घरातल्या दिव्याची तार तुटली तर दिवा विझतो. इथे नेमकं उलटं आहे. बंद करणारी तार तुटली तर इंजिन बंद होण्याचीच सोय उरत नाही. दांडी सोडलेली दिसते, पण आतली कॉइल ठिणगी द्यायला मोकळी असते.

काकांनी इंजिनावरचं झाकण उघडून माझ्या यंत्राची ती तार दाखवली. पत्र्याच्या कडेला घासून घासून तिचे धागे तुटले होते, शेवटचे दोन-तीन धागे कसेबसे धरून होते. मी वर्षभर ज्या "बंद"वर विश्वास ठेवून त्या कवचाखाली हात घालत होतो, तो त्या दोन-तीन धाग्यांवर लोंबकळत होता.

त्या दिवसानंतर मी काकांकडे जितकी वर्षं काम केलं तितकी वर्षं त्यांनी मला "टोपी काढलीस का?" असं कधी विचारलं नाही. प्रत्येक वेळी "टोपी कुठे आहे?" असंच विचारायचे. सुरुवातीला फरक कळला नाही. पुढे लक्षात आलं की "काढलीस का" याचं उत्तर माणूस आठवणीतून देतो. काल काढली होती ती आज काढल्यासारखी आठवते, आणि तोंडातून "हो" निघून जातं. "कुठे आहे" म्हटलं की मान वळवून बघावंच लागतं.

एकदा बघितलं तेव्हा उत्तर वेगळंच निघालं. टोपी मी खरंच काढली होती, पण ती जाड तार ताठ असते, तिला तिच्या जुन्या वळणाची सवय असते. मी यंत्र कलंडवत असताना ती हळूच परत फिरली होती आणि टोपीचं तोंड प्लगच्या टोकाला टेकलं होतं. काकांनी सुतळीचा एक तुकडा दिला. तेव्हापासून मी टोपी नुसती काढत नाही, प्लगपासून दूर ओढून हँडलच्या पायाला बांधून ठेवतो. सुतळी लाल रंगात बुडवून घेतलेली आहे, म्हणजे लांबूनही दिसते.

आता जरा हिशेब. तो केल्याशिवाय पात्याबद्दल जो आदर वाटायला हवा तो वाटत नाही. मध्यम आकाराच्या यंत्राचं पातं २१ इंचांचं, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर लांब असतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं असं धरलं तर सेकंदाला ५०. पात्याचं टोक एका फेऱ्यात साधारण १६६ सेंटिमीटर जातं, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर, ताशी ३०० किलोमीटर. काही दुखलं हे कळून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो. तेवढ्यात दहा फेरे झालेले असतात, आणि पात्याला दोन टोकं असतात. हात पटकन काढून घेऊ, हा विचार ज्या शरीराच्या भरवशावर आपण करतो ते या गणितात कुठे बसतच नाही.

अमेरिकेत ३० जून १९८२ नंतर बनलेल्या, मागे चालत ढकलायच्या यंत्रांना एक नियम लागू झाला: दांडी सोडल्यावर पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे. या एका नियमाने किती हात वाचवले असतील, याचा विचार करून मला त्या अनोळखी नियम लिहिणाऱ्यांबद्दल कृतज्ञता वाटते. पण वेग एकसारखा उतरत गेला असं धरलं तर त्या तीन सेकंदांतही पातं आणखी ७५ फेरे घेतं. शिवाय नियम पाळायचे दोन मार्ग निघाले. काही यंत्रांत दांडी सोडली की इंजिनच थांबतं. काहींत फक्त पातं थांबतं आणि इंजिन चालूच राहतं, म्हणजे गवताची पिशवी रिकामी करून आलं की पुन्हा दोरी ओढायला नको. दुसरी सोय कामाची आहे, पण त्या यंत्राच्या मालकाला थांबलेलं पातं आणि चालू इंजिन एकत्र बघायची सवय लागते. अशा यंत्रावर मी दुरुस्तीला हात लावण्याआधी इंजिन बंद करून टोपी सुतळीला बांधेपर्यंत खाली वाकतच नाही.

फिरत्या पात्याच्या आधीची यंत्रं वेगळी होती. १८३० मध्ये इंग्लंडमधल्या स्ट्राउड भागात एडविन बडिंग यांनी गवत कापायच्या पहिल्या यंत्राचं पेटंट घेतलं. लोकरी कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून त्यांना ती कल्पना सुचली होती. एका नळकांड्यावर पिळदार पाती, आणि खाली एक स्थिर पातं. दोघांमध्ये गवत कात्रीसारखं कापलं जातं. मोटार जोडलेली अशी यंत्रं खेळाच्या मैदानांवर आजही चालतात, आणि त्यांचा धोका निराळाच आहे. नळकांडं एका हाताने एका टोकाला थोडं फिरवलं तरी त्याची सगळी पाती, पूर्ण लांबीभर, सगळीकडे एकदम फिरतात. एका हाताने अडकलेली काडी काढायची आणि दुसऱ्या हाताने नळकांडं फिरवायचं, ही अगदी साहजिक हालचाल आहे. माणूस अशा वेळी स्वतःच्याच हाताने स्वतःचं बोट कातरतो. त्यासाठी इंजिन, ठिणगी, पेट्रोल काहीच लागत नाही. अशा यंत्रावर मी नळकांडं लाकडाच्या पाचरीने अडकवतो आणि कचरा काठीने काढतो. फिरवायचंच असेल तर दुसरा हात पाठीमागे ठेवतो. पाहणाऱ्याला ते विचित्र वाटत असेल, वाटू दे.

यंत्र कलंडवण्याचंही एक शास्त्र आहे. कुठल्याही कुशीवर टाकलं की झालं, असं नाही. चुकीच्या बाजूने कलंडलं की इंजिनातलं तेल एअर फिल्टरमध्ये उतरतं, पेट्रोल कार्बोरेटरमधून ओघळतं, आणि नंतर सुरू करताना धूर ओकत इंजिन गुदमरतं. बहुतेक यंत्रांना एअर फिल्टरची किंवा प्लगची बाजू वर ठेवावी लागते. कुठली ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, आणि ते वाचायला पाच मिनिटं लागतात. त्याआधी मी पेट्रोलचा कॉक बंद करतो. टाकी भरलेली असेल तर पेट्रोल काढून झाकणाच्या डब्यात घेतो.

पेट्रोलबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण ते इतकं रोजचं झालंय की त्याची भीती मेली आहे. पेट्रोल स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि ती वाफ उणे ४० अंशांच्या थंडीतही पेट घेण्याइतकी निघत असते. ती हवेपेक्षा तीन-चारपट जड असते. म्हणून ती वर जाऊन विरत नाही, फरशीवरून पाण्यासारखी वाहत जाते, खोलगट कोपऱ्यात साचते. हवेत शेकडा दीड भाग वाफ झाली तरी ठिणगी पुरते. डबा इथे, आणि ज्योत तिकडे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून चिंता नाही, हा समज वाफेच्या वाहण्याकडे पाहिलं की टिकत नाही. मी पेट्रोल ओतायचं किंवा काढायचं काम उघड्यावरच करतो, डबा जमिनीवर ठेवून, इंजिन पूर्ण गार झाल्यावर. नुकत्याच बंद झालेल्या इंजिनाचा सायलेन्सर पंधरा-वीस मिनिटं तरी हात लावण्यासारखा नसतो. आवाज थांबला तरी उष्णता थांबलेली नसते. पात्याला धार लावायचा ग्राइंडरही त्या जागेपासून दूर. ग्राइंडर म्हणजे ठिणग्यांचा फवाराच.

(१९५२ मध्ये सिडनीत मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी आपल्या फिरत्या पात्याच्या यंत्राचा पहिला नमुना बनवला तेव्हा पेट्रोलची टाकी म्हणून पीचच्या फळांचा रिकामा डबा वापरला होता. त्यातून पुढे व्हिक्टा हे त्यांच्या यंत्रांचं नाव घराघरांत पोचलं. हाताशी असेल त्यातून यंत्र उभं करणाऱ्या माणसांवर माझं प्रेम आहे. तरीही तो डबा आठवला की मला आधी त्याच्या जवळचा तापलेला सायलेन्सर दिसतो.)

पातं काढणं हा या कामाचा गाभा. मधला बोल्ट जबरदस्त आवळलेला असतो, त्यावर गंज आणि वाळलेलं गवत बसलेलं असतं. पान्यावर जोर दिला की बोल्टऐवजी अख्खं पातं फिरायला लागतं. इथे बरेच जण डाव्या हाताने पातं धरतात आणि उजव्या हाताने पाना ओढतात. बोल्ट अचानक सुटतो, पाना निसटतो, आणि ओढणारा हात थेट धारेवर जातो. काकांची रीत सोपी होती: पातं आणि कवच यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा, म्हणजे पातं धरायला हात लागतच नाही. जाड हातमोजे घालायचे. आणि जोर लावण्याआधी पाना निसटला तर आपली मूठ कुठे जाऊन आदळेल, ती जागा डोळ्यांनी पाहून घ्यायची. तिथे धार असेल तर उभं राहायची बाजू बदलायची. ही शेवटची गोष्ट मी यंत्रांच्या बाहेरही, जिथे जिथे जोर लावतो तिथे करतो. काही यंत्रांत बोल्टचे आटे उलटे असतात, तेव्हा सैल होत नाही म्हणून आणखी जोर लावायच्या आधी पुस्तिका पाहावी. बोटात अंगठी ठेवायची नाही. धातूच्या कडेत अंगठी अडकली तर ती एकटी निघत नाही, बोटाची कातडी घेऊन निघते.

काढण्यापूर्वी पात्याच्या खालच्या बाजूला मी रंगाचा ठिपका लावतो. पातं उलटं बसवणं ही वाटते त्यापेक्षा फार सहज होणारी चूक आहे. उलटं बसलेलं पातं गवत कापत नाही, नुसतं झोडपतं. मग माणसाला वाटतं धार नीट लागली नाही, आणि तो पुन्हा सगळं उघडतो. प्रत्येक जास्तीचं उघडणं म्हणजे हात पुन्हा एकदा आत.

धार लावताना मूळचा कोन राखायचा, बहुधा तो ३० अंशांच्या आसपास असतो. ग्राइंडरवर एकाच जागी फार वेळ धरलं तर धातू निळा पडतो, म्हणजे त्याचं पाणी गेलं. अशी कड लवकर बोथट होते. मला स्वतःला कानस आवडते. वेळ लागतो, पण हाताला धातू कळतो. डोळ्यांवर चष्मा दोन्ही वेळा.

मग तोल. भिंतीतल्या एका खिळ्यावर पातं मधल्या भोकातून टांगायचं, जे टोक खाली जाईल तिकडचा थोडा धातू आणखी घासायचा. पुष्कळांना हे नखरे वाटतात. म्हणून पुन्हा हिशेब सांगतो. एका टोकाला फक्त २० ग्रॅम जास्त राहिले, तर सेकंदाला ५० फेऱ्यांच्या वेगात दांड्यावर सुमारे ५० किलो वजनाइतका ओढा पडतो, आणि त्याची दिशा प्रत्येक फेऱ्याबरोबर चहूबाजूंनी फिरत राहते. हँडलमधून हाताला जी थरथर जाणवते ती हीच. तिने बोल्ट सैल होतात, तारा घासतात. माझी ती तार कशामुळे तुटत आली होती, हे मला इथे येऊन समजलं.

पातं हातात आहे तेव्हाच ते उजेडात नीट पाहायचं. पात्याच्या मागच्या कडेला जो पंखासारखा वर वळलेला भाग असतो त्याच्या मुळाशी वाळूने झिजून धातू पातळ होतो, कधी तिथे बारीक फट पडते. वाकलेलं किंवा तडा गेलेलं पातं हातोड्याने सरळ करून किंवा वेल्डिंग करून पुन्हा लावणारे लोक मी पाहिले आहेत. मी ते करत नाही आणि माझ्यासमोर करू देत नाही. ताशी ३०० किलोमीटरने निघालेला तो तुकडा कुणाकडे जाईल हे यंत्र चालवणाऱ्याच्या हातात नसतं. नवं पातं घ्यावं. बोल्टही आवळायचा तो टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, त्या यंत्रासाठी दिलेल्या मापाइतकाच.

बसून चालवायच्या मोठ्या यंत्रांवर मी फार काम केलेलं नाही, त्यामुळे थोडक्यात. त्यांच्या कवचाखाली दोन-तीन पाती पट्ट्याने जोडलेली असतात. एक फिरवलं की बाकीची फिरतात, तेच नळकांड्यासारखं. आणि जॅकवर उचललेल्या यंत्राखाली कधीही अंग घालायचं नाही. जॅक उचलण्यापुरता, पेलायला पक्क्या घोड्या लावायच्या, चाकांना पाचरी द्यायच्या. बॅटरी काढताना ऋण टोक आधी सोडायचं, जोडताना ते शेवटी. म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. चार्ज होताना त्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि तो हवेत शेकडा चार भाग झाला तरी पेटतो.

एक गोष्ट सांगायला मन धजत नाही, पण सांगतो. बोट तुटलं तर काय करायचं हे आधी माहीत असावं लागतं, त्या वेळी शोधता येत नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, हात वर उचलून. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, पिशवीचं तोंड बंद करायचं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. थेट बर्फावर ठेवला तर पेशी गोठून मरतात आणि जोडण्यासारखं काही उरत नाही. हे मी एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहून कामाच्या जागी भिंतीला लावलंय. खाली मदतीचा फोन नंबर. एकट्याने काम करत असलो तर फोन खिशात असतो, पलीकडच्या फळीवर नाही.

माझ्या अनुभवात चुका कामाच्या सुरुवातीला होत नाहीत. सुरुवातीला आपण सावध असतो, सगळं रीतसर करतो. चूक होते ती काम संपल्यावर. पातं बसलंय, टोपी लावली, पेट्रोल भरलं, आणि मग दिसतं की कवचाच्या आत गवताचा एक लहानसा गोळा तसाच राहिलाय. एवढंच ना, काढून टाकू, म्हणून हात जातो. तो गोळा माझ्याकडून दोनदा राहिला आहे. दोन्ही वेळा मी टोपी पुन्हा काढली, सुतळीने बांधली, मग गोळा काढला. तीन मिनिटं गेली. ती तीन मिनिटं किती जड जातात हे ज्याने काम संपवत आणलंय त्यालाच कळेल.

आता माझ्याकडे भाची येते. तिला या कामाची मनापासून आवड आहे. तिचं यंत्र बॅटरीवर चालतं. त्यात प्लग नाही, पेट्रोल नाही, आणि मला सुरुवातीला वाटलं की आता निम्मी काळजी मिटली. पण इंजिन सुरू करायला दोरी तरी ओढावी लागते, या यंत्राला बटण आणि दांडी पुरते. ते सुरू होण्याआधी कुंथत नाही, चालू असल्याचा आवाज करत उभं राहत नाही. गप्प उभं असलेलं यंत्र पूर्ण चार्ज झालेलं आणि तयार असू शकतं. त्याला एक छोटी प्लॅस्टिकची चावी असते, ती काढली की मोटारीकडे जाणारी वीज तुटते. आपल्याला चावी आणि बॅटरी दोन्ही काढायची आहेत, एवढंच मी तिला सांगितलं.

तिने बॅटरी काढून फळीवर ठेवली. चावी मात्र फळीवर ठेवली नाही, खिशात घातली आणि वर चेन लावली. मी विचारलं, "तिथेच ठेव ना, हरवेल."

"मामा, फळीवर असली तर कुणीही लावेल. हात माझा आत आहे."

मोठ्या कारखान्यांत हाच नियम असतो. यंत्रात हात घालणारा माणूस आपलं कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, मग साहेब आला तरी ते कुलूप दुसरं कुणी काढत नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये त्याचा कायदेशीर नियम झाला. तिला यातलं काही मी सांगितलं नव्हतं.

परवा आम्ही पातं बदलत होतो. बोल्ट आवळून झाला, कवच पुसून झालं, मी यंत्र चाकांवर उभं केलं. तेवढ्यात तिला फोन आला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली. मला यंत्र चालवून बघायचं होतं. बॅटरी हाताशी होती. मी ती बसवली, आणि चावीची फट रिकामी. फोन लांबला. मी पाने पुसले, कानशीच्या दातांतला कीस ब्रशने काढला, लाल सुतळी गुंडाळून ठेवली. एकदा वाटलं, हाक मारावी. मारली नाही.

ती आली. यंत्राकडे न जाता आधी तिने कापडावरचे पाने मोजले, ठोकळा बाहेर आहे का पाहिलं. बॅटरी बसवलेली दिसली तेव्हा माझ्याकडे बघितलं आणि ती पुन्हा काढून माझ्या हातात दिली. मग यंत्र मागच्या चाकांवर टेकवून खाली वाकली आणि उजेड पाडून आत नजर टाकली. उठली, मला हँडलच्या मागे यायला सांगितलं, बॅटरी परत मागून घेतली, आणि मग खिशाची चेन उघडली.